गोल्फवेड्या बायकोला स्वस्तात काय द्यावं? एक ऐतिहासिक उत्तर

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा विचित्र आहे, ते आधीच सांगून ठेवतो. प्रश्न घरगुती आहे आणि उत्तर इतिहासातलं. प्रश्न असा : बायकोला गोल्फचं वेड आहे, वाढदिवस तोंडावर आलाय आणि बजेट आहे रुपये दोन हजार फक्त. काय घ्यावं?

गोल्फ आणि दोन हजार हे शब्द एका वाक्यात ऐकले की गोल्फ खेळणारे लोक आधी हसतात, मग मी चेष्टा करत नाहीये हे लक्षात आलं की सहानुभूतीने बघतात. चांगल्या कंपनीच्या एक डझन नव्या बॉलची किंमतच त्याच्या पुढे जाते. ड्रायव्हर नावाची जी मोठ्या डोक्याची काठी असते तिच्या किमतीत आमच्याकडे बऱ्यापैकी शेळी येते. (हे गणित अण्णांचं.)

बजेट दोन हजारच का, तर फ्लॅटचा हप्ता आहेच, आणि यंदा गावाकडे शेतात ठिबक टाकलं. त्याचे अर्धे पैसे आमच्या खात्यातून गेले. गाव म्हणजे तीर्थपुरी, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. समर्थ रामदासांचं जांब आमच्याच तालुक्यात, एवढं सांगितलं की पुण्यातल्या लोकांना जरा अंदाज येतो. बाकी ऊस, कापूस आणि आकाशाकडे लागलेले डोळे, असा आमचा भाग.

ठिबकाला बायकोचा काडीचाही विरोध नव्हता. उलट तीच म्हणाली, आधी ते करू. पण त्यानंतर एके दिवशी ती सहज म्हणाली, "मला यंदा काही आणू नकोस. खरं तर गोल्फच बंद करते काही दिवस. बरं दिसत नाही." आता हे 'बरं दिसत नाही' जे आहे ना, तो खरा प्रॉब्लेम. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःसाठी एक गोष्ट सापडली. ऑफिसच्या लोकांबरोबर गंमत म्हणून ड्रायव्हिंग रेंजवर गेली आणि अडकली. आता रविवारी पहाटे साडेपाचला उठते. आणि तीच गोष्ट तिला चोरी केल्यासारखी वाटायला लागली तर काय उपयोग? त्यात अण्णांनी फोनवर विचारलं, "ते गवतात फिरतेत तेच ना रे? त्या गवताला पाणी कुठून आणतेत?" अण्णांनी कुत्सितपणे विचारलं नव्हतं. शेतकऱ्याला पडणारा साधा प्रश्न होता तो. पण फोन स्पीकरवर होता.

म्हणजे गिफ्ट असं हवं, की जे बघून 'कशाला खर्च केलास' असं तिला वाटणार नाही, आणि 'खेळत राहा' हे मला न बोलता सांगता येईल. मग मी सवयीप्रमाणे विषयाच्या मुळाशी गेलो. गोल्फ मुळात एवढा महाग का, आणि तो स्वस्त कधी कधी झाला? जे सापडलं ते भन्नाट आहे. तेच इथे मांडतो.

हॅटभर पिसं आणि विष्णूची मूर्ती

सुरुवात बॉलपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये गोल्फ खेळायचे तो पिसांच्या बॉलने. हंसाची वगैरे पिसं उकळून मऊ करायची, हॅट भरेल एवढी, आणि ती सगळी ओल्या चामड्याच्या इवल्याशा गोळ्यात ठासून ठासून भरायची. वरून शिवण. वाळताना चामडं आकसायचं, आतली पिसं फुगायची आणि बॉल दगडासारखा टणक व्हायचा. कसलेला कारागीर दिवसभरात असे तीन-चार बॉल करायचा. त्यामुळे एकेका बॉलला दोन ते पाच शिलिंग पडायचे. कित्येकदा काठीपेक्षा बॉल महाग! शिवाय पाऊस लागला की भिजून जड, आणि एखादा फटका चुकीचा बसला की शिवण उसवून पिसं हवेत. अशा खेळात गरिबाने उतरायचं कसं?

मग १८४८ च्या सुमारास आला गुट्टा-पर्चाचा बॉल. गुट्टा-पर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. गरम पाण्यात टाकला की कणकेसारखा मऊ, थंड झाला की कडक. हा बॉल कसा सुचला याची एक आख्यायिका गोल्फवाले मोठ्या प्रेमाने सांगतात. सेंट अँड्रूजच्या पॅटरसन नावाच्या कुटुंबात पूर्वेकडून एक विष्णूची मूर्ती आली. वाटेत फुटू नये म्हणून ती गुट्टा-पर्चात गुंडाळलेली होती. घरातल्या रॉबर्ट पॅटरसनने ते पॅकिंग फेकून न देता तापवून त्याचा गोळा वळला, आणि झाला बॉल. गोष्टीतल्या तपशिलांवर वाद आहेत, पण काय गोष्ट आहे! पार्सल विष्णूचं, आणि खेळ बदलला तो पॅकिंगने.

नवा बॉल साधारण शिलिंगभरात मिळायचा. शिवाय वाकडातिकडा झाला की गरम पाण्यात टाकून परत वळता यायचा. रीसायकलिंग! साहजिकच पिसांचे बॉल करणारे भडकले. त्यांच्यातला सगळ्यात नावाजलेला अ‍ॅलन रॉबर्टसन. तो गुट्टाचे बॉल विकत घेऊन जाळून टाकायचा म्हणे. त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस एकदा गुट्टाने खेळताना सापडला, दोघांचं वाजलं आणि मॉरिस वेगळा झाला. पुढे हाच मॉरिस चार वेळा ओपन चँपियन झाला. आणि काही वर्षांत रॉबर्टसनही गुट्टाचेच बॉल करायला लागला. टेक्नॉलॉजी बदलताना सीनियर लोक काय करतात ते आपण ऑफिसात बघतोच :-)

यात एक आमच्या धंद्यातला किस्सा आहे. गुट्टाचा नवा कोरा गुळगुळीत बॉल हवेत नीट जायचाच नाही, मध्येच खाली यायचा. पण खेळून खेळून ओरखडे पडलेला जुना बॉल मस्त लांब जायचा. लोकांच्या हे लक्षात आलं आणि ते नव्या बॉलवर हातोडीने मुद्दाम खुणा ठोकायला लागले. म्हणजे बग निघाला फीचर! आजच्या बॉलवर जे तीन-चारशे खळगे असतात त्यांचं मूळ हे. खळग्यांमुळे हवा बॉलला जास्त वेळ चिकटून राहते, मागे ओढणारा भोवरा लहान होतो आणि बॉल लांब जातो. पुढे १८९८ मध्ये अमेरिकेत कोबर्न हास्केलने ताणलेला रबरी धागा गुंडाळलेला बॉल काढला. १९०२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये सँडी हर्डने तो वापरून स्पर्धा जिंकली आणि गुट्टाचं राज्य संपलं.

यातून माझ्यासाठी निष्कर्ष नंबर एक : ओरखडे पडलेल्या बॉलला कमी लेखू नये. कोर्सवरच्या तळ्यांत आणि झाडीत हरवलेले बॉल शोधून, धुऊन, प्रतवारी लावून विकायचा मोठा धंदा आहे. सरावाला ते उत्तम. रेंजवर भेटलेल्या एका काकांनी सांगितलं, की नवशिक्याला महाग बॉल देणं म्हणजे त्याच्या हाताला भीती बांधणं. हरवेल म्हणून तो मोकळा फटकाच मारत नाही. धुतलेल्या जुन्या बॉलचा डझन मला नऊशे रुपयांत मिळाला.

मुंबईने पाठवलेली भेट

आता जरा आपल्याकडे येऊ. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वात जुना गोल्फ क्लब आपल्या देशात आहे, कलकत्त्याचा, १८२९ चा. त्यानंतर १८४२ मध्ये मुंबईत क्लब निघाला, रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब. तो आज नाही. पण तारखा बघा. १८४२ म्हणजे गुट्टा-पर्चाच्याही आधी. तेव्हा मुंबईच्या त्या साहेबांना पिसांच्याच बॉलने खेळावं लागलं असणार, आणि ते बॉल केपला वळसा घालून नाहीतर सुएझच्या वाळवंटातून येणार. मुंबईचा दमट उन्हाळा आणि चामड्यात भरलेली पिसं! कल्पना करा.

या मुंबईकर क्लबने १८४० च्या दशकात सेंट अँड्रूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबला एक चांदीचं पदक भेट दिलं. तेच बॉम्बे सिल्व्हर मेडल. तिथल्या वसंतातल्या स्पर्धेत पहिल्याला सिल्व्हर क्रॉस आणि दुसऱ्याला हे मुंबईचं पदक, अशी परंपरा पडली. म्हणजे गोल्फवेड्याला काय भेट द्यावी हा प्रश्न मुंबईला पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पडला होता. मात्र त्यांचं बजेट दोन हजार नव्हतं.

बाकी महाराष्ट्रातला गोल्फ हा बराच काळ साहेबाचाच राहिला. लॉर्ड विलिंग्डन गव्हर्नर असताना, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला, त्याचं महत्त्वच हे, की तिथे हिंदी माणसांना दरवाजा उघडा होता. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पुण्यात येरवड्याला जुना कोर्स आहेच. थोडक्यात, हे सगळं छावण्या, कचेऱ्या आणि बंगल्यांच्या आसपास घडत होतं. निजामाच्या राज्यातल्या तीर्थपुरीत तेव्हा काठीने मारायचा खेळ एकच, विटीदांडू. त्याला क्लब लागत नाही आणि मेंबरशिपही लागत नाही.

दोन दातांचे डॉक्टर

विटी आपण जमिनीत छोटा खड्डा करून त्यावर ठेवतो. गोल्फमध्ये पहिला फटका मारताना बॉल जमिनीपासून जरा उचलून ठेवतात. त्यासाठी पूर्वी प्रत्येक होलच्या सुरुवातीला वाळूची पेटी आणि पाणी ठेवलेलं असायचं. ओल्या वाळूची चिमटीभर ढिगुली करायची, त्यावर बॉल. हात बरबटायचे, वाऱ्याने ढिगुली पडायची.

बॉस्टनमध्ये डॉ. जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट नावाचे दंतवैद्य होते. हार्वर्डमध्ये शिकवणारे पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक. त्यांना गोल्फ आवडायचा, पण वाळूत हात घालायला आवडायचं नाही. त्यांनी लाकडाची एक खुंटी केली, वर रबराची टोपी. १२ डिसेंबर १८९९ रोजी पेटंटही मिळालं. आणि मग त्यांनी काय केलं? काहीच नाही. कारखाना काढला नाही, विकली नाही. त्यांनी त्या खुंट्या मित्रांना वाटून टाकल्या! १९१० मध्ये ते गेले. पुढे १९२० च्या दशकात न्यू जर्सीतल्या विल्यम लोवेल या दुसऱ्या दंतवैद्याने लाकडी टी बाजारात आणली, लाल रंग दिला, 'रेडी टी' नाव ठेवलं आणि वॉल्टर हेगनसारख्या स्टार खेळाडूला ती वापरायला पैसे दिले. तेव्हा कुठे जगाने वाळू सोडली. ग्रँट यांचं श्रेय अमेरिकन गोल्फ संघटनेने अधिकृतपणे मान्य केलं ते थेट १९९१ मध्ये.

मला यात ग्रँट जास्त आवडले. जगातली पहिली लाकडी टी बहुतेकांच्या हातात पडली ती दुकानातून नाही, भेट म्हणून. म्हणजे टीचं पाकीट देणं ही गोल्फमधली सगळ्यात जुनी आणि अस्सल परंपरा ठरते :-) आणि टी तुटतातच, त्यामुळे कितीही असल्या तरी पुरत नाहीत. पाकीट, रुपये अडीचशे.

काठी किती हव्यात?

बायकोकडे स्वतःचा पूर्ण सेट नाही. सेकंडहँड सातनंबरी लोखंडी काठी आणि एक पटर, बस. तिला त्याचं जरा वाटतं. म्हणून हा भाग खास तिच्यासाठी.

नियमाने एका वेळी जास्तीत जास्त चौदा काठ्या नेता येतात. हा नियम अमेरिकेत १९३८ चा आणि ब्रिटनमध्ये १९३९ चा. आणण्याचं कारण गमतीशीर आहे. पूर्वी काठ्यांचे दांडे हिकरी लाकडाचे असायचे. प्रत्येक दांडा वेगळा, त्यामुळे खेळाडू हाताला बसलेल्या मोजक्याच काठ्या बाळगायचे. १९२० च्या दशकात पोलादी दांडे आले. एकसारख्या काठ्या कारखान्यातून पडायला लागल्या, कंपन्यांनी सेटच्या सेट विकायला सुरुवात केली आणि काही जण वीस-पंचवीस काठ्या घेऊन फिरू लागले. ओझं उचलणारे कॅडी मेटाकुटीला आले. म्हणून मर्यादा घातली. तर चौदा ही कमाल मर्यादा आहे, किमान नाही. दोन काठ्यांनी खेळणं शंभर टक्के नियमात बसतं.

आणि काठीशिवाय खेळाडू कसा घडतो? सेवसंकर 'पापवा' सेवगोलम यांचं नाव ऐकलंय? दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे. ऊसमळ्यांवर राबायला नेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या समाजातले. लहानपणी झाडाची फांदी तोडून त्या काठीने बॉल मारायला शिकले, पुढे कॅडी झाले. पकड उलटी, म्हणजे उजव्या माणसाचा डावा हात खाली. शिकवणारं कोणी नव्हतं, मग दुरुस्त कोण करणार? त्याच उलट्या पकडीने त्यांनी १९५९ मध्ये डच ओपन जिंकली, नंतर आणखी दोनदा. १९६३ मध्ये डर्बनमध्ये नाताल ओपन जिंकली, पण वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्यांना क्लबहाउसच्या आत येऊ दिलं नाही. बक्षीस घेतलं ते बाहेर पावसात उभं राहून, आणि हरलेले गोरे खेळाडू आत कोरडे बसलेले. १९६५ मध्ये त्यांनी गॅरी प्लेअरलाही हरवलं. पुढे सरकारने स्पर्धांचं दारच बंद केलं.

आपल्याकडेही कॅडींनी असंच केलंय. इंडियन ओपन १९६४ मध्ये सुरू झाली. १९६५ ला ती पी. जी. सेठींनी जिंकली, पण ते हौशी खेळाडू होते. पहिला भारतीय व्यावसायिक विजेता मिळायला १९९१ उजाडलं. तो अली शेर, दिल्लीचा माजी कॅडी. एस. एस. पी. चौरसियाचे वडील कलकत्त्याच्या कोर्सवर गवत राखायचे. पोराने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. आणि चेंबूरच्या कोर्सलगतच्या वस्तीत कॅडींनी लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या, प्लॅस्टिकचे बॉल घेतले आणि गल्लीबोळांत, पत्र्यांवर, नाल्याकाठी स्वतःचा गोल्फ सुरू केला. तोमाश गुदझोवाती या पोलिश फोटोग्राफरने त्याचे फोटो काढले, ते जगभर गाजले. ते फोटो पाहताना मला आमचं जालना आठवलं. आमच्या जिल्ह्याच्या गावाची ओळखच मुळी सळयांच्या कारखान्यांची. म्हणजे कच्च्या मालाची आम्हाला चिंता नाही.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर

'गवताला पाणी कुठून आणतेत?' हा प्रश्न टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. २०१३ चा दुष्काळ आमच्या जिल्ह्याने भोगलाय. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच उन्हाळ्यात मैदानांवर पाणी घालण्यावरून मुंबई हायकोर्टात प्रकरण गेलं आणि आयपीएलचे बरेचसे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले. गवताला पाणी हा प्रश्न आपल्याकडे हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच.

पण इतिहास असं सांगतो, की हिरवंगार गवत ही गोल्फची मूळ अट नव्हती. स्कॉटलंडमधले सुरुवातीचे कोर्स म्हणजे समुद्रकाठची वाळूची, शेतीला निरुपयोगी जमीन. पाणी पावसाचं, गवत कापायला मेंढ्या. हा खेळ हिंदुस्थानात आला तेव्हा कोरड्या भागातल्या छावण्यांमध्ये हिरवळ राखणं अशक्यच होतं. मग त्यांनी काय केलं? होलभोवती वाळूत तेल मिसळून ती दाबून सपाट केली आणि त्यावर खेळले. त्याला ग्रीन म्हणायच्या ऐवजी 'ब्राउन' म्हणत. खेळून झालं की चटई किंवा फळी फिरवून आपल्या पावलांच्या खुणा पुसायच्या, म्हणजे पुढच्याला सपाट मिळेल. अंगणात रांगोळीआधी जमीन सारखी करतात तसं.

आणि पांढऱ्याशुभ्र बर्फातही लोक खेळलेच की. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८९२ ते १८९६ अमेरिकेत व्हरमाँटला राहत होता. १८९४ मध्ये आर्थर कॉनन डॉईल त्याच्याकडे पाहुणा म्हणून गेला तो गोल्फच्या काठ्या घेऊनच, आणि त्याने किपलिंगला खेळायला शिकवलं. बर्फात बॉल दिसेना म्हणून किपलिंगने बॉल लाल रंगवले, असं सांगतात.

हे सगळं मी अण्णांना फोनवर सांगितलं. आजकाल बरेच कोर्स सांडपाणी शुद्ध करून वापरतात हेही सांगितलं, आणि सगळेच तसं करत नाहीत हेही सांगितलं. अण्णा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तेलाच्या वाळूवर खेळायला आमच्याकडं या म्हणावं. जागा लई हाय."

हिमालय नावाची हिरवळ

'बरं दिसत नाही' हे वाक्य गोल्फमध्ये बायकांनी फार ऐकलंय. १८६७ मध्ये सेंट अँड्रूजला बायकांचा क्लब निघाला, पण फक्त पटिंगचा. का, तर काठी खांद्याच्या वर नेऊन जोरात फटका मारणं बाईमाणसाला शोभत नाही! म्हणून त्यांना उंचसखल जमिनीचा एक तुकडा दिला, हळूच बॉल ढकलायला. त्या तुकड्याचं नाव गंमत म्हणजे 'हिमालयाज'. तो अजून आहे. ब्रिटिश महिलांची अजिंक्यपद स्पर्धा १८९३ मध्ये सुरू झाली. पण ज्याला मुंबईने चांदीचं पदक पाठवलं होतं त्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासद करून घ्यायचा निर्णय घेतला तो सप्टेंबर २०१४ मध्ये. दोनशे साठ वर्षं लागली.

तेव्हा बायको, 'बरं दिसत नाही' या मुद्द्यावर इतिहास तुझ्या बाजूने नाही असं समजू नकोस. तो आत्ता आत्ता तुझ्या बाजूला आलाय, तर तू कशाला सोडतेस? (ती माझं हे लिखाण वाचत नाही, हीच माझी सिक्युरिटी सिस्टीम. वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे, कोणी फुटू नका.)

निजामाचं नाणं

तिसरी वस्तू फुकट आहे आणि मला तीच सगळ्यात आवडलीय. ग्रीनवर आपला बॉल दुसऱ्याच्या वाटेत येत असेल तर तो उचलता येतो, पण उचलण्याआधी जागेवर खूण ठेवावी लागते. पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. दोघांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा बॉल आडवा आला तर साधारणपणे तो तसाच ठेवून त्याला वळसा घालून किंवा वरून मारावं लागायचं. त्याला 'स्टायमी' म्हणत. १९५२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेचे नियम एक झाले तेव्हा स्टायमी गेली.

खूण म्हणून काय ठेवायचं? दुकानात चुंबकवाले चकचकीत मार्कर मिळतात. पण नियमात साधं नाणंही चालतं. आमच्या घरी आजीच्या पेटीत निजामाच्या काळातली तांब्याची नाणी आहेत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याचं चलनही वेगळं होतं, हाली शिक्का. त्याला बाजारात आता काही फार किंमत नाही, पण पुण्याच्या कोर्सवर ते नाणं दुसऱ्या कोणाकडे असेल असं वाटत नाही.

अण्णांना म्हटलं, एक नाणं पाठवा. "कशाला?" म्हणाले. सांगितलं. मला वाटलं होतं, नाही म्हणतील. परवा गावाहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पुडी आली. आत दोन नाणी, चिंचेने घासून लख्ख केलेली. फोन केला तर म्हणाले, "एक हरवंल. सूनबाईला म्हणावं, घाबरू नका, पेटीत आणखी हायेत."

हिशोब लावतो. बॉल नऊशे, टी अडीचशे, नाणी शून्य. झाले अकराशे पन्नास. उरले आठशे पन्नास. त्यातून टॉवेल, हातमोजा वगैरे घेता आला असता. पण मग मला टोकियो ऑलिंपिक आठवलं. ते २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झालं. पुण्याचा उदयन मानेही त्यात खेळला, पण भल्या पहाटे आपण टीव्हीसमोर बसलो होतो ते अदिती अशोकसाठी. चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तेव्हा तिची बॅग खांद्यावर घेऊन चालणारी कॅडी कोण होती? तिची आई. त्याआधी रिओला वडील होते.

त्यामुळे उरलेल्या पैशांचा नाश्ता, आणि पुढचे चार रविवार पहाटे साडेपाचला कॅडी म्हणून मी. ज्यांनी मला ऑफिसात सकाळी दहाच्या आधी कधी पाहिलेलं नाही, त्यांना या गिफ्टची खरी किंमत कळेल. तशाही बॅगेत दोनच काठ्या आहेत, ओझं काही फार होणार नाही.